विकास अर्थशास्त्रात संशोधन सहाय्यकाची पहिली नोकरी : पुण्यातून अर्ज करताना कामांचा क्रम कसा लावावा

पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बीए, बीएस्सी किंवा एमए करणाऱ्या मुलामुलींचे अर्ज वाचताना एकच गोष्ट वारंवार दिसते. आधी सीव्ही तयार होतो, मग तो एकाच मजकुरासह तीस-चाळीस ठिकाणी जातो, आणि एखाद्या ठिकाणाहून डेटाची चाचणी आली की स्टाटा किंवा आर ही डेटा-विश्लेषणाची सॉफ्टवेअर शिकायची धावपळ सुरू होते. तोवर वेळ गेलेली असते. चांगले गुण मिळवलेली, वाचन असलेली मुले इथे गळतात. त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे टाळता येते.

निवडीच्या पायऱ्या बहुतेक संस्थांत सारख्याच असतात : अर्ज, डेटाची चाचणी, मुलाखत, आणि शेवटी शिफारस करणाऱ्यांशी बोलणे. तयारी मात्र दुसऱ्या पायरीपासून सुरू करायची. आधी करून दाखवलेले काम, मग अर्ज. शिक्षण सांभाळून सहा महिने हाताशी ठेवा.

टप्पा १ : कोणती नोकरी हवी ते ठरवा

‘संशोधन सहाय्यक’ या एकाच नावाखाली तीन वेगळी कामे येतात.

पहिले काम फील्डचे. जे-पाल साउथ एशिया किंवा आयडीइनसाइट यांसारख्या संस्थांत प्रकल्पावर काम करताना अनेकदा एखाद्या जिल्ह्याच्या गावी राहावे लागते. प्रगणकांचे, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रश्नावलीची चाचणी, रोज संध्याकाळी आलेल्या डेटाची तपासणी असा दिवस असतो.

दुसरे काम टेबलावरचे, म्हणजे प्राध्यापकांसाठी डेटा साफ करणे आणि विश्लेषण करणे. पुढे पीएचडी करायची असेल तर ‘प्रीडॉक’ म्हणतात ती हीच वाट. अमेरिकी विद्यापीठांच्या अशा बऱ्याच जाहिराती सप्टेंबर ते जानेवारीत येतात आणि रुजू व्हायचे असते पुढच्या उन्हाळ्यात. अर्ज करण्याआधी व्हिसा मिळवून देतात का, ते विचारा.

तिसरे काम स्वयंसेवी संस्थांतले मूल्यमापनाचे. पुण्यात बाएफ, वॉटर (डब्ल्यूओटीआर), प्रयास यांसारख्या संस्था शेती, पाणलोट, आरोग्य, ऊर्जा या विषयांवर वर्षानुवर्षे काम करताहेत. वढूला केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण आरोग्याचे काम चालते. तिथे आज जागा असेलच असे नाही, पण या क्षेत्रातले काम प्रत्यक्ष कसे चालते ते घराजवळ पाहता येते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. फील्डच्या बऱ्याच जागांना एमए सक्तीचे नसते. पदवी, डेटा हाताळता येणे आणि स्थानिक भाषा या तीन गोष्टींवर अर्ज पुढे जातो. मराठी येणे ही इथे पात्रता आहे, ती सीव्हीच्या तळाशी ‘इतर’ या रकान्यात टाकू नका.

इशारा : जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलै २०२५ मध्ये यूएसएड ही मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था बंद झाली. त्या पैशावर चालणारी अनेक सर्वेक्षणे जगभर अर्ध्यावर थांबली. म्हणून कोणत्याही जागेबाबत ‘निधी कोणाचा आणि कधीपर्यंतचा?’ हा प्रश्न आता विचारायलाच हवा. तो विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

टप्पा २ : एक सर्वेक्षण आरंभापासून शेवटापर्यंत हाताळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाच ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रे एकीकडे आणि एका सर्वेक्षणाचा कच्चा डेटा स्वतः उलगडलेला असणे एकीकडे. वाचणारा दुसऱ्याकडे आधी बघतो. एमआयटी आणि जे-पाल यांचे डेटा आणि धोरणावरचे ऑनलाइन कोर्स चांगले आहेत, जरूर करा, पण हाताने केलेले काम त्यात धरू नका.

सुरुवातीला घरगुती उपभोग खर्चाचे सर्वेक्षण २०२३-२४ घ्या. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी केली की कुटुंबनिहाय डेटा मोफत मिळतो. लक्ष्य एकच ठेवा : मंत्रालयाने जाहीर केलेला सरासरी मासिक दरडोई खर्च, म्हणजे ग्रामीण ४,१२२ रुपये आणि शहरी ६,९९६ रुपये, स्वतःच्या कोडने काढून दाखवायचा.

क्रम असा ठेवा.

१. डेटा उघडण्याआधी प्रश्नावली, प्रगणकांसाठीच्या सूचना आणि मांडणीची (कोणता रकाना कुठे आहे ते सांगणारी) फाइल वाचा. यात दोन-तीन दिवस जातात, जाऊ द्या. या सर्वेक्षणात एकाच कुटुंबाला तीन वेळा भेटी दिल्या आहेत : खाद्यपदार्थ, सेवा व उपभोग्य वस्तू, आणि टिकाऊ वस्तू यांसाठी स्वतंत्र. कुटुंबातल्या माणसांची संख्या तिन्ही भेटींत वेगळी नोंदलेली असू शकते, तेव्हा दरडोई आकडा काढताना कोणती संख्या वापरली ते कोडमध्ये लिहून ठेवा.

२. कुटुंबाची ओळख ठरवा. एका रकान्याने भागत नाही. नमुना गाव किंवा विभागाचा क्रमांक, उपविभाग, दुसऱ्या टप्प्याचा स्तर आणि कुटुंबाचा क्रमांक हे सगळे जोडून ओळख तयार होते. ती खरोखर एकमेव आहे का, हे कोडने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. संदर्भकाळ एकसारखा करा. काही वस्तूंचा खर्च गेल्या ७ दिवसांचा विचारलेला असतो, काहींचा ३० दिवसांचा, काहींचा ३६५ दिवसांचा. सगळे ३० दिवसांवर आणा.

४. फाइली जोडा. कुटुंबाची फाइल आणि वस्तूंची फाइल जोडताना ‘एकास अनेक’ हीच जोडणी बसते. स्टाटात ‘अनेकास अनेक’ हा पर्याय दिसतो आणि तो चूक होत असल्याची सूचनाही देत नाही. निमूटपणे चुकीच्या ओळी एकमेकींना चिकटवतो. तो कधीही वापरू नका.

५. गुणक लावा. नमुन्यातले एक कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या वतीने मोजायचे, ते सांगणारा आकडा म्हणजे गुणक. इथे सर्वाधिक मुले अडकतात, म्हणून थोडे सावकाश बघू.

समजा दोनच घरे आहेत. पहिल्या घरात २ माणसे, महिन्याचा खर्च १२,००० रुपये, म्हणजे दरडोई ६,०००. दुसऱ्या घरात ६ माणसे, खर्च १८,००० रुपये, दरडोई ३,०००. घरांची सरासरी घेतली तर ४,५०० येतात. पण माणसे आहेत ८ आणि एकूण खर्च ३०,०००; दरडोई सरासरी ३,७५०. जाहीर होणारा आकडा या दुसऱ्या प्रकारचा असतो. म्हणून कुटुंबाच्या गुणकाला माणसांच्या संख्येने गुणून मगच सरासरी काढायची. मोठी कुटुंबे बहुधा दरडोई कमी खर्च करणारी असतात, त्यामुळे हे विसरलात की तुमचा आकडा जाहीर आकड्यापेक्षा वर सरकतो.

तपासा : सर्व कुटुंबांच्या गुणकांची बेरीज करा. देशातील कुटुंबांच्या संख्येच्या आसपास, म्हणजे काही दशकोटींत यायला हवी. त्याच्या कितीतरी पट आली तर गुणकाला भागायचे राहिले आहे. कितीने भागायचे ते डेटाबरोबरच्या टिपणात दिलेले असते; आधीच्या फेरीचे सूत्र तसेच उचलू नका.

तपासा : तुमचा आकडा ४,२४७ आणि ७,०७८ यांच्या जवळ गेला, तर मोफत मिळालेल्या धान्य-वस्तूंची अंदाजे किंमत तुम्ही धरली आहे. मंत्रालयाने दोन्ही प्रकारचे आकडे दिले आहेत. तुमचा कोणता, ते सांगता यायला हवे.

हे जमले की दुसरा डेटा घ्या. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. हे आकडे ‘नेहमीच्या स्थिती’चे, म्हणजे ३६५ दिवसांच्या संदर्भाचे आहेत. २०२५ पासून दरमहा येणारे आकडे ७ दिवसांच्या ‘चालू साप्ताहिक स्थिती’चे आहेत, शिवाय जानेवारी २०२५ पासून नमुन्याची रचनाही बदलली आहे. दोन्ही शेजारी ठेवून ‘सहभाग घसरला’ असे लिहिलेले निबंध मी पाहिले आहेत. चाचणीत अशी तुलना दिसली की परीक्षक पुढचे वाचत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवर काम केलेत तर त्यातही दोन खड्डे आहेत. भारांकाला (इथल्या गुणकाला) १० लाखांनी भागावे लागते. मुलांच्या उंचीचा झेड-स्कोर, म्हणजे त्या वयाच्या प्रमाण उंचीपासून मूल किती दूर आहे तो आकडा, शंभरपट करून ठेवलेला असतो आणि ९९९६ ते ९९९९ हे संकेत ‘मोजमाप वापरू नये’ असे सांगणारे असतात. ते वगळले नाहीत तर खुजी मुले कमी दिसू लागतात.

टप्पा ३ : कोड परक्या माणसाच्या संगणकावर चालला पाहिजे

अर्जासोबत कोडचा नमुना मागतात. तो उघडल्यावर वाचणारा तीन गोष्टी बघतो : फाइल एका झटक्यात चालते का, प्रत्येक निर्णयाचे कारण लिहिले आहे का, मध्ये मध्ये तपासण्या आहेत का.

फाइलचा पत्ता तुमच्या संगणकाच्या ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर दुसऱ्याकडे ती पहिल्या ओळीलाच थांबेल. मुख्य फोल्डर वरच एकदा सांगा आणि पुढचे सगळे पत्ते त्याच्या सापेक्ष ठेवा. यादृच्छिक निवड असेल तर सीड द्या, म्हणजे कोड पुन्हा चालवला तरी तीच निवड यावी यासाठीचा ठरावीक आकडा. एक छोटी रीडमी फाइल जोडा : डेटा कुठून घेतला, कोणती फाइल आधी चालवायची, शेवटी काय मिळेल.

इशारा : कच्चा सरकारी डेटा गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, चढवू नका. तो तुम्हाला अटी मान्य करून मिळालेला आहे. फक्त कोड ठेवा.

तपासा : मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर कोड चालवून घ्या, तुम्ही शेजारी बसून काहीही न सांगता. जिथे तिने प्रश्न विचारला, तिथे टीप लिहायची राहिली आहे.

टप्पा ४ : एक शोधनिबंध खोलात वाचा आणि दोन पाने लिहा

दहा निबंधांचे सारांश पाठ करण्यात अर्थ नाही. आपल्या भागाशी जुळणारा एक घ्या. उदाहरणार्थ, मध्य प्रदेशात रोहयोच्या मजुरीवर झालेला प्रयोग, २०२१ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आलेला. स्त्रियांना स्वतःच्या नावे बँक खाती दिली. काहींना त्याबरोबर खाते वापरण्याचे प्रशिक्षण आणि मजुरी थेट त्या खात्यात. या स्त्रियांचे काम वाढले, रोहयोवरही आणि बाहेरही.

मुलाखतीत विचारतात : वाढले ते कोणाच्या तुलनेत? बहुतेक मुले म्हणतात, खाते नसलेल्या स्त्रियांच्या. मुख्य तुलना मात्र नुसते खाते मिळालेल्या स्त्रियांशी आहे. हा फरक कळला की निष्कर्षच बदलतो, कारण मग खाते उघडणे पुरेसे नाही, पैसा कोणाच्या हाती पडतो ते महत्त्वाचे, असे म्हणावे लागते.

दोन पानांत एवढेच लिहा : प्रश्न काय, तुलना कोणाशी, कोण नमुन्यातून सुटले असेल, आणि हाच प्रयोग जुन्नर किंवा भोरमध्ये करायचा तर काय बदलावे लागेल. शेवटच्या मुद्द्यावर तुमचे स्वतःचे डोके दिसते, त्याला अर्धे पान द्या.

टप्पा ५ : फील्डचा थोडा तरी खरा अनुभव घ्या

व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म फिरवून जमवलेली तीनशे उत्तरे ‘प्राथमिक सर्वेक्षण’ म्हणून लिहू नका. तो आपल्याच ओळखीच्या लोकांचा नमुना असतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

पहिला पर्याय : चालू असलेल्या एखाद्या सर्वेक्षणात प्रगणक म्हणून काम करा. आपल्या प्राध्यापकांना विचारा, पुण्यात अशी कामे निघत असतात. दुसरा पर्याय : वीस प्रश्नांची प्रश्नावली कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनावर बसवून थोड्याच लोकांशी, पण नीट बोला. संमती घ्या, नाव-नंबर नोंदवू नका, आणि कॉलेजमध्ये नीतिसमिती असेल तर आधी तिची परवानगी घ्या.

प्रश्न कसा विचारावा याचे एक उदाहरण देते. मंडईबाहेर हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईंना ‘महिन्याचे उत्पन्न किती?’ विचारले तर त्या पाहुण्याला सांगावा तसा एक गोल आकडा सांगतील. त्याऐवजी असे विचारा : आज पहाटे माल केवढ्याचा भरला? कोथिंबिरीच्या किती जुड्या उरल्या? उरलेल्याचे काय करता? गाडीचे भाडे रोजचे की महिन्याचे? गेल्या आठवड्यात किती दिवस गाडी लावली? या उत्तरांतून उत्पन्न तुम्ही काढायचे असते, त्यांच्यावर ते गणित टाकायचे नसते.

कॅलेंडरही बघा. आषाढात वेल्ह्याकडे भाताची लावणी चालू असताना दुपारी घरी कोणी भेटत नाही. बीडकडे दिवाळीनंतर सर्वेक्षण ठेवले, तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तुमच्या नमुन्यातून गळतात आणि गळणारी कुटुंबे नेमकी गरिबांतली असतात. तिथे कर्जाबद्दल विचारताना मुकादमाकडून घेतलेली उचल वेगळी विचारावी लागते. ‘कर्ज आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते आणि उचल मात्र डोक्यावर असते. मुलाखतीत असे एक निरीक्षण स्वतःच्या अनुभवातून सांगता आले, तर त्याचे वजन वेगळेच पडते.

टप्पा ६ : शिफारस आधी मागा, वेळ द्या

ज्यांनी तुमचे काम पाहिले आहे त्यांच्याकडेच मागा. विभागप्रमुखांचे नाव मोठे असते, पण त्यांनी ‘हुशार विद्यार्थिनी आहे’ यापलीकडे काही लिहिले नाही तर उपयोग शून्य. प्रबंध तपासणाऱ्या मॅडमनी ‘हिने तिसऱ्या प्रकरणातली माझी चूक दाखवली’ असे लिहिले तर अर्ज उचलला जातो.

किमान तीन आठवडे आधी सांगा. निरोप साधारण असा असावा :

‘मॅडम, नमस्कार. मी फील्ड संशोधनाच्या दोन जागांसाठी अर्ज करते आहे. माझ्या प्रबंधाबद्दल आणि डेटावरच्या कामाबद्दल आपण शिफारस देऊ शकाल का? अंतिम तारीख पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला आहे. सीव्ही, जाहिरात आणि प्रबंधाचा सारांश सोबत जोडला आहे. सध्या वेळ नसेल तर तसे निःसंकोच कळवा.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. नाइलाजाने दिलेली कोमट शिफारस नुकसान करते. आणि ‘सर, तुम्हीच काहीतरी लिहा, मी सही घेते’ किंवा स्वतः पत्र लिहून सहीला नेणे, हे दोन्ही टाळा.

टप्पा ७ : आता अर्ज

सीव्ही एक पान, फार तर दोन. दहावीचे गुण, छंद, वडिलांचे नाव काढून टाका. प्रत्येक कामापुढे काय केले आणि किती मोठा डेटा हाताळला ते लिहा. ‘स्टाटा : उत्तम’ असे लिहिण्यापेक्षा टप्पा २ चे काम एका ओळीत सांगा आणि कोडचा दुवा द्या.

पत्रात संस्थेची स्तुती नको. तिच्या एका चालू प्रकल्पाचे नाव, त्यातला तुम्हाला पडलेला एक प्रश्न, आणि तुमचे त्याच्याशी जुळणारे एक काम. तीन परिच्छेद पुरे. असे आठ-दहा अर्ज नीट केले तर एकसारख्या चाळीस अर्जांपेक्षा नक्की पुढे जातात. पत्र पाठवताना संस्थेचे नाव बदलायचे राहून गेले आहे का ते बघा. हे अजूनही घडते.

टप्पा ८ : डेटाची चाचणी

मिळालेल्या वेळाचा पहिला पंचमांश भाग कोड न लिहिता घालवा : सगळे प्रश्न वाचा, फाइली उघडा, किती ओळी, कोणत्या ओळखी दुहेरी, कुठे रिकामे रकाने. चाचणीच्या डेटात मुद्दाम चुका पेरलेल्या असतात. १२ वर्षांचा कुटुंबप्रमुख, ‘-९९’ असा भरलेला खर्च, दोनदा आलेले कुटुंब. त्या सापडल्या, तुम्ही काय केले आणि का केले, हे लिहिले की अर्धी चाचणी झाली.

शेवटचा प्रश्न सुटला नाही तरी चालेल. ‘इथपर्यंत आले, पुढे असे केले असते’ एवढे लिहा. अर्धवट पण प्रामाणिक उत्तराला गुण मिळतात. न चालणाऱ्या पूर्ण कोडला मिळत नाहीत.

इशारा : एआय साधने वापरू देतात का, ते सूचनांत वाचा. लिहिले नसेल तर विचारा. वापरायला परवानगी असली तरी मुलाखतीत तुमच्याच कोडच्या ओळीवर बोट ठेवून ‘हे असे का?’ विचारतात. ज्या ओळीचे उत्तर देता येणार नाही ती ओळ ठेवू नका.

टप्पा ९ : मुलाखत आणि ऑफर

फील्डच्या जागेसाठी एक प्रश्न हमखास येतो : प्रगणक घरी बसून फॉर्म भरतो आहे असा संशय आला तर काय कराल? लगेच जाब विचारू, असे उत्तर देऊ नका. आधी पुरावा बघायचा : मुलाखतीला लागलेला वेळ, जीपीएस, एकसारखी उत्तरे, संमती घेऊन केलेले रेकॉर्डिंग. मग त्याच घरांपैकी काहींना दुसऱ्या माणसाकरवी पुन्हा भेट. अशा फेरतपासणीसाठी साधारण दहा टक्के घरे घेतात. आणि एक गोष्ट जरूर बोला : कधी कधी प्रगणक चुकत नसतो, आपला दिवसाचा कोटाच अशक्य असतो.

ऑफर आली की आनंदाच्या भरात लगेच होकार कळवू नका. लेखी विचारून घ्या : कराराची मुदत आणि ती वाढण्याची अट, राहण्याचे ठिकाण, फील्डचा प्रवास आणि दैनिक भत्ता, अपघात व आरोग्य विमा, आणि मुलींसाठी रात्रीच्या प्रवासाची व्यवस्था. शोधनिबंधात सहाय्यकांचा उल्लेख होतो का आणि कराराच्या शेवटी शिफारस मिळते का, हेही विचारा. प्रवासखर्च आधी आगाऊ मिळतो की बिले लावल्यावर, हे स्पष्ट करून घ्या. बिलांची परतफेड महिनाभर लांबली तर नव्या गावातली अनामत आणि पहिले भाडे तुमच्याच खिशातून जाणार आहे, तेवढे पैसे बाजूला ठेवूनच रुजू व्हा.